डाकारच्या ताटासाठी

म्हसळ्याजवळच्या गावात आवडाबाईला कोणी परराष्ट्र धोरणाबद्दल विचारलं असतं, तर ती हसत हसत भात लावायला निघून गेली असती. पण तिचा शुभम आफ्रिकेतल्या सेनेगलला नोकरीला गेला आणि डाकार शहरात मलेरियाने आडवा झाला. शेजारच्या आयसातूने त्याला बरं होईपर्यंत भरवलं. तेव्हापासून आवडाबाई आणि आयसातू फोनच्या पडद्यावर गप्पा मारत बसायच्या. मध्ये दुभाषी शुभम.

दोन हजार बावीसच्या सप्टेंबरात आयसातूचा चेहरा उतरलेला दिसला. भारताने तुकडा तांदळाची, म्हणजे कणीची निर्यात बंद केली होती आणि तिकडे भाव चढले होते.

"कणी? ती तर आमी कोंबड्यांना घालतो!" आवडाबाईला नवल वाटलं.

"आये, हितं सगळी तीच आवडीनं खातात," शुभम म्हणाला.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत आवडाबाई उभी राहिली. डाकारच्या कणीसाठी ठराव करा म्हणाली. सभेत खसखस पिकली.

"अगो, हितं नळाला पानी न्हाय!" मागून कोणी ओरडलं.

"नळाचं बी बोलनार हाय. जरा दम धर!"

सरपंच कमलेशने समजावलं, "काकी, आपल्याकडं महागाई होऊ नये म्हणून बंदी हाय."

"व्हय, आपलं पोट आधी. पन आपल्याच भरवशावर चूल पेटवणाऱ्याला एका शब्दानं विचारायला नको? गरजू देशांचा वाटा बाजूला काढा, मंग घाला बंदी. पाव्हण्याला वाढायचं नसलं तर न्हाय वाढू, पन त्याच्या म्होरचं ताट वढू नये."

कमलेशने ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

आवडाबाई काही गप्प बसणारी नव्हती. रविवारी तिने डाकारचं जेवण करायला अंगणात मोठं पातेलं चढवलं. मासळी, टोमॅटो, कोबी, गाजर आणि त्याच रश्शात शिजलेली कणी. फोन पेरूच्या फांदीला टांगलेला, त्यातून आयसातू ओरडत होती.

"आये, मिरची कमी घाल, म्हणते ती!" शुभम हसत सांगायचा.

"तिला म्हनावं, हे कोकण हाय!"

गाव जेवलं. कमलेशने तर तीनदा मागून घेतलं. हात धुताधुता म्हणाला, "काकी, ह्या लोकांशी आपलं जमनार."

पुढच्या सभेत ठराव एकमताने झाला. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांनी तेच पातेलं चढवलं, तसेच ठराव केले. ते सगळे घेऊन आवडाबाई खासदारांना भेटली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कागद दिल्लीला मंत्रालयात पोचवले.

बंदी काही लगेच उठली नाही. आवडाबाई विचारत राहिली, बायका जोडत राहिली. दोन हजार पंचवीसच्या मार्चमध्ये निर्यात खुली झाली, तेव्हा कमलेशने पोरं घेऊन तिच्या दारात ताशा बडवला.

"बंदी माझ्यामुळं न्हाय उठली रं," ती लाजून म्हणाली. "पन आपन बोललो व्हतो, येवढं खरं." आणि डोक्यावरचा पदर कमरेला खोचून स्वतःच नाचायला लागली. फोनमध्ये डाकारला आयसातूही नाचत होती.

दमून ओट्यावर टेकली, तेव्हा शुभमने फोनवरून नवी अडचण सांगितली. आयसातूच्या मुलीला मुंबईत नर्सिंग शिकायचंय, पण व्हिसा काही मिळत नाही.

आवडाबाईने घाम पुसला.

"का म्हनून? कमलेश, ताशा थांबव जरा. हितं ये."