होडी सातव्या नंबरला

फाल्गुन शुद्ध तृतीया. आभाळ निरभ्र. दुपारनंतर धुळीचा वारा, संध्याकाळी पडला.

कमिटीत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. माळावरून येताना धोतराला कुसळं चिकटतात तसे ते चिकटतात. घरी यायचं आणि निवांतपणे एकेक काढत बसायचं! मी आमच्या ‘बेट सुधारणा कमिटी’चा चिटणीस, त्यामुळे माझ्या धोतराला जरा जास्तच.

बेटवाडी म्हणजे भीमेच्या पात्रातलं एक बेट. वीस-पंचवीस उंबरे. जुनी होडी कुजून गेल्यापासून तिथली माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडतात. उसाचा रस उकळायची ती मोठी, गोल, लोखंडी काहील. एकाने पोहत ढकलायची, बाकीच्यांनी आत उकिडवं बसायचं.

जिल्हा बोर्डाने हे बेट सुधारायचं मनावर घेतलं आणि आम्हाला नेमलं. काम एवढंच, की बेटाला काय काय हवं याची क्रमवार यादी करायची. पहिल्या नंबरला जे येईल ते यंदा मिळणार, पुढचं पुढच्या वर्षी.

अध्यक्ष रावसाहेब, पेन्शनर मामलेदार. सभासद दाजी वकील आणि व्यंकय्या शेठ मागवाले. बैठका शेठच्या सोलापुरातल्या, भवानी पेठेतल्या माडीवर, खालच्या मागांच्या खटखटीत.

*

पहिल्या बैठकीला बेटवाडीचा प्रतिनिधी म्हणून मारुती आला. बाविशीतला, अंगाने दणकट, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

रावसाहेबांनी विचारलं, “बोल, काय हवं तुमच्या बेटाला?”

“होडी.”

“आणखी?”

“होडीच.”

“अरे, कारण सांग, कारण!”

मारुती लाजला. मग म्हणाला, “माजी सोयरीक ठरलीया साहेब, मोडनिंबात. पर पोरीचा बाप म्हणतो, काहिलीत बसून माजी लेक सासरी जायाची न्हाय. आदी होडी, मग अक्षता.”

दाजी वकिलांनी चष्मा काढला. “म्हणजे ही वैयक्तिक गरज झाली. सार्वजनिक यादीत वरचा नंबर देता येणार नाही.”

होडी आठव्या नंबरला गेली! वरचे सात नंबर कमिटीच्या सूचनांसाठी मोकळे ठेवले.

*

दुसऱ्या बैठकीला मारुती दीड तास उशिरा आला. काहील पलीकडच्या काठाला होती, ती यायची वाट बघत बसला होता.

रावसाहेब भडकले. “बघा! यांना वेळेची किंमत नाही! सगळ्या मागासलेपणाचं मूळ हेच!”

“पर साहेब, होडी असती तर...”

“घड्याळ असतं तर! चिटणीस, लिहा. नंबर एक, बेटाच्या मध्यभागी टोल्याचं घड्याळ.”

मी लिहिलं. मारुती खाली बसला. जरा वेळाने मला हळूच म्हणाला, “टोले ऐकून मी काय करू जी? वाजल्यालं कळंल, पर निगता न्हाय यायचं की!”

*

दुसऱ्या नंबरवर दाजी वकिलांचा पक्का रस्ता होता. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

व्यंकय्या शेठ क्वचित बोलत. त्या दिवशी बोलले. “वकीलसाहेब, त्या टोकाला काय आहे?”

“नदी.”

“आणि या टोकाला?”

“नदीच.”

“मग जाणारा जातो कुठं?”

वकिलांनी यादी जवळ ओढली. मग म्हणाले, “धोका आहे खरा. चिटणीस, तिसऱ्या नंबरला दोन पाट्या घाला. ‘पुढे रस्ता नाही’ अशा. दोन्ही टोकांना!”

बेटवाडीत वाचता येणारं तेव्हा कोणी नव्हतं. हे मी सांगितलं, म्हणून चौथ्या नंबरला साक्षरतेचा वर्ग आला.

*

शेठचं स्वतःचं म्हणणं, की बेटावर माग न्यावा. बायका घरच्या घरी विणतील, चार पैसे मिळवतील. विचार खरंच चांगला होता. शेठनी स्वतःच्या खर्चाने एक माग आणि एक विणकर पाठवला.

आता आपल्याकडचा हातमाग म्हणजे खड्डामाग. विणकर जमिनीवर बसणार आणि पाय, पायाने दाबायच्या पावड्या, सगळं खाली खड्ड्यात. विणकराने सोलापुरात शंभर वेळा खणला असेल तसा खड्डा खणला आणि माग बसवून झोपला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला तो थेट माडीवर. “अय्यो शेठ! मागात मासे आले!”

भीमेच्या मधोमध कमरेइतकं खणल्यावर काय लागणार, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

दाजी वकिलांनी एकच प्रश्न विचारला. “पाणी गोड आहे का?”

“गोड आहे की.”

“मग ही विहीर झाली! ‘पिण्याच्या पाण्याची सोय’ हा विषय पूर्ण. खोडा!”

पाचवा नंबर पाण्याचा होता, तो खोडला गेला आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. होडी सातव्या नंबरला आली. रावसाहेबांनी मारुतीचं अभिनंदन केलं!

मारुती म्हणाला, “उपकार झाले साहेब. पर पान्याची वाण आमाला कदी नव्हतीच.”

*

मग एके दिवशी मोडनिंबहून मुलीचे वडील स्वतःच आले. ज्ञानू तात्या. फेटा मोठा, आवाज त्याहून मोठा. जिना चढतानाच विचारत होते, “होडी कुटं अडलीया?”

रावसाहेब सौम्यपणे म्हणाले, “अडलेली नाही. सातव्या नंबरला आहे.”

“सातवी मंजी कवा?”

“दर वर्षी एक सुधारणा. तुम्हीच हिशेब करा.”

तात्यांनी बोटं मोजली आणि मटकन बसले. “आरं देवा! तवर माजी पोरगी माज्यापरीस म्हातारी हुईल की!”

“सुधारणेला वेळ लागतोच, तात्या.”

“लागू द्या. माज्याकडं केमचं एक स्थळ हाय. त्या गावात आगगाडी थांबती! मारुती पोरगा लई गुणाचा म्हणून आजवर थांबलो. आता संक्रांतीपतूर थांबतो. होडी आली तर लगीन, न्हायतर पोरगी केमला.”

मारुती जिन्याच्या तोंडाशी उभा होता. जाताना माझा कंदील पुसून ठेवून गेला. का, ते त्यालाच ठाऊक.

*

दसरा झाल्यावर रावसाहेब म्हणाले, “बेट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यादी वर पाठवणं बरं नव्हे.” म्हणजे तोवर आमच्यापैकी कोणीही बेट पाहिलेलं नव्हतं!

मोटारीने नदीपर्यंत गेलो. तात्याही होणाऱ्या जावयाचं घर बघायला आले होते. व्यंकय्या शेठनी काहील पाहिली आणि ते मोटारीतून उतरलेच नाहीत. काहिलीत रावसाहेब, दाजी वकील, तात्या आणि मी. मारुती पाण्यात, ढकलायला.

रावसाहेब म्हणाले, “अध्यक्ष पुढे बसेल.”

पण काहिलीला पुढे आणि मागे नसतं. पाण्यात पडली की ती भोवऱ्यासारखी फिरते. रावसाहेब एकदा बेटाकडे, एकदा मोटारीकडे आणि एकदा थेट विजापूरकडे तोंड करून जात होते. डोळे मिटून ते म्हणाले, “चिटणीस, आपण प्रगती करतो आहोत ना?”

मध्यावर एक वाळूचा उंचवटा होता. काहील त्याला घासली आणि कलंडायला लागली. आम्ही चौघांनी वाळूवर उड्या टाकल्या. हलकी झालेली काहील निघाली धारेला! मारुती ओरडला, “हितंच ऱ्हावा, आलोच!” आणि तिच्यामागे पोहत वळणाआड दिसेनासा झाला.

वाळूवर सावली नाही. दुपार टळली. रावसाहेबांच्या छत्रीखाली आम्ही चौघे आलटून पालटून डोकी घालत होतो.

अखेर रावसाहेब म्हणाले, “वकील, कोरम आहे?”

“आहे.”

“मग सभा सुरू. पहिली निकड कोणती?”

“होडी!” वकील म्हणाले. मी म्हणालो. सभासद नसलेले तात्यासुद्धा हात वर करून म्हणाले. कमिटीच्या आयुष्यातला पहिला एकमताचा ठराव!

मी लिहायला घेतलं, “बेटवाडीसाठी...”

“थांबा!” वकील घाम पुसत म्हणाले. “आपण बेटवाडीत पोचलेलो नाही. खोटं लिहू नका. लिहा, ‘प्रस्तुत वाळूसाठी’.”

*

दिवेलागणीला मारुतीने काहील परत आणून आम्हाला मोटारीपाशी पोचवलं, आणि यादी तशीच वर गेली. बोर्डाला एकमताची यादी प्रथमच मिळाली होती. मंजुरी लगेच आली. पौषात, संक्रांतीच्या आधी, नवी कोरी होडी वाळूच्या उंचवट्यावर खुंटीला बांधली गेली. दाजी वकिलांनी नियम केला, की होडी वाळूची असल्यामुळे ज्याला हवी त्याने वाळूवर येऊन मागावी.

तात्या काठावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “होडी आली, न्हाय असं न्हाय. पर ती हाय वाळूची. मग लगीनबी वाळूवरच लावा. मी शबुद मोडत न्हाय.”

माघात वाळूवर मांडव पडला. वऱ्हाड दोन्ही काठांवरून काहिलींतून आलं. कमिटीला आमंत्रण होतं. व्यंकय्या शेठसुद्धा आले, डोळ्यांवर उपरणं बांधून. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. नवरीला बेटावर न्यायची वेळ झाली तेव्हा मारुतीने मुंडावळ्या वर सारून, हात जोडून अध्यक्षांकडे होडी मागितली.

रावसाहेबांनी वकिलांकडे पाहिलं. दोघे थोडा वेळ कुजबुजले.

“एका खेपेस मंजूर,” रावसाहेब म्हणाले. “होडी परत वाळूवर बांधावी.”

मारुतीने नवरीला बेटावर उतरवलं, होडी परत आणून वाळूवरच्या खुंटीला बांधली आणि पोहत घरी गेला.