साडूच्या नाकावर टिच्चून बसवलेलं रबर

आमच्या घरात काहीही कुरकुरलं की त्याला खोबरेल तेल लागतं. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, माझे गुडघे. त्यामुळे गाडीच्या काचांची रबरं वाळून तडकली, तेव्हा त्यांनाही मी तेच लावलं. तेही बोटाने, सावकाश, बाळाला चोळावं तसं. नागपूरच्या उन्हात ते तेल प्यायलेलं रबर फुगलं, बिलबिलीत झालं आणि चौकटीतून सुटून लोंबायला लागलं. काच आणि पत्रा यांच्यामधून बोट जाईल एवढी फट पडली. मी बायकोला म्हटलं, हवा येईल.

हवा आली नाही, धूळ आली. आणि ती नेमकी उमरेडच्या लग्नाला जाताना, मागच्या सीटवर माझे सासरे असताना.

सासऱ्यांना दमा होता. उमरेड येईपर्यंत ते खोकून खोकून लालबुंद झाले होते आणि त्यांची पांढरी टोपी तांबडी. मांडवाच्या दारातच माझा साडू उभा. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्या घरात सगळं आमच्याआधी यायचं: फ्रीज, टेपरेकॉर्डर आणि सरकारी जीप वापरू देणारा साहेब. साडूने सासऱ्यांना हात देऊन उतरवलं, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं मला विचारलं,

"मामाजीले गाडीत आनलं का चक्कीच्या पिठातून काढून आनलं गा?"

मांडव हसला. आचारीसुद्धा हसला. साडू तेवढ्यावर थांबला असता तर मीही हसलो असतो. माझ्यावर हसणाऱ्यांत माझा नंबर नेहमी पहिला. पण तो पुढे म्हणाला, "रामटेकले त्याईले मीच नेतो आता, सायबाच्या जीपमधी. तुह्या या डब्यात गडावर काहाचे जातात ते, दवाखान्यात पोचतीन."

बायकोने मान खाली घातली. ही गाडी दुसऱ्याच्या घरी नांदून आमच्याकडे आली, त्या दिवसापासून तिचं एकच चाललं होतं: बाबाले माह्या गाडीत रामटेकले न्यायचं. सासऱ्यांचीही तेवढीच एक इच्छा उरली होती. आणि साडूने ती माझ्या फुगलेल्या रबरातून काढून घेतली.

परतताना साडूने आपला मळलेला पायजमा आमच्या पिशवीत कोंबला. "तुह्या गाडीले टेकलो अन् असा झाला. धुऊन पाठवजो."

मी पायजमा घेतला, आणि ठरवलं.

नवी रबरं आणली. आमच्याकडे त्याला बीडिंग म्हणतात. दारांच्या काचांची बीडिंगं बसवता आली, पण मागची मोठी काच हट्टी. तिची एक रीत असते: नव्या रबराच्या खाचेत सगळीकडून सुतळी बसवायची, काच रबरासकट बाहेरून चौकटीला टेकवायची, एकाने बाहेरून थोपटायचं आणि दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायचं. सुतळी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढते. तेल नाही, साबणाचं पाणी. बायको बाहेरून थोपटत होती, मी आत घामाने निथळत ओढत होतो. अर्ध्यात सुतळी तुटली.

"थांबा, दुसरी आनतो," बायको म्हणाली.

माझी नजर दोरीवर वाळत असलेल्या साडूच्या पायजम्यावर गेली. मी गाडीतून उतरलो आणि त्याचा नाडा उपसला.

"अहो, काय करून राहिले?"

"न्याय," मी म्हणालो.

नाडा चिवट होता, मालकासारखाच. ओढताना प्रत्येक इंचाला मला साडूचं नाक दिसत होतं. काच अशी बसली की दार लावल्यावर कानात दडे बसावेत. पायजमा मी धुऊन, इस्त्री करून, नाड्याशिवाय परत पाठवला.

मग भर वैशाखात साडूला निरोप धाडला: रामटेकला निघतोय, मामाजी आहेत, तुम्हीही चला. जीप साहेबाच्या मेहुण्याकडे गेली होती, म्हणून साडू आला. त्याला मी मानाने पुढे बसवलं. मागे बायको आणि सासरे.

कामठीच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि देवाच्या कृपेने आमच्यापुढे मुरूम भरलेला ट्रक लागला. असा ट्रक मला मागूनही मिळाला नसता. मी सगळ्यांना काचा चढवायला लावल्या आणि त्याच्या मागेच गाडी ठेवली. बाहेर तांबडी भिंत. आत मात्र कण नाही. नुसती भट्टी.

साडूच्या कानामागून घाम निघून सदऱ्यात उतरत होता.

"पुढं काढ ना गा याले."

"धूळ येऊन राहिली का भाऊजी?"

"नाई."

"मंग?"

थोड्या वेळाने त्याने काचेच्या हँडलला हात घातला. मी म्हणालो, "उघडा ना. मंग पुढच्या लग्नात सांगाले नवीन गोष्ट होईन तुमाले."

त्याने हात मागे घेतला. रस्ता मोकळा होता, ट्रकवाला हात बाहेर काढून मला पुढे जायला सांगत होता. मी गेलो नाही. मनसरपर्यंत मी त्या ट्रकच्या मागे इतक्या भक्तीने चाललो की तेवढ्यात रामनाम घेतलं असतं तर पुण्य लागलं असतं. घाम मलाही येत होता, स्टिअरिंग हातातून निसटत होतं. पण सूड घ्यायचा तर तेवढी झीज सोसावी लागते.

रामटेकला साडू उतरला तो उकडलेल्या शेंगेसारखा. पांढरा सदरा पांढराच होता. "धूळ नाई आली," तो स्वतःहून म्हणाला. हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय, आणि पश्चात्ताप विचाराल तर तिळाएवढाही नाही.

सगळ्यांना घरोघर सोडून परत आलो. दिवाणावर पडून मी बायकोला विचारलं, "कशी जिरवली?"

ती पदराने मान पुसत होती. म्हणाली, "बाबा रस्ताभर एकदाबी खोकलले नाई. तुमी ऐकलं असन म्हनून मी वाट पाहून राहिली होती, आता म्हनतान, मंग म्हनतान. तुमचं सगळं ध्यान त्या ट्रककडं."