कोंबड्यांची पहाट चार वाजता

दिवा लागला की आधी आवाज येतो. आरवणे नव्हे, कलकलाट नव्हे. झोपेतून पुरत्या बाहेर न आलेल्या तीस-बत्तीस कोंबड्यांनी घशातल्या घशात धरलेला एक मंद सूर, उकळी फुटण्याआधी पातेल्यातले पाणी धरते तसा. मग पंखांची फडफड, मग दांडीवरून भुशात पडणाऱ्या उड्यांचे मऊ धप्प धप्प. बाहेर येडगावच्या धरणावरून आलेले धुके अंगणात कमरेइतके साचलेले, सूर्याला यायला तीन तास अवकाश, आणि आत एका बारक्या बल्बाखाली सकाळ झालेली! जुन्नर तालुक्यात मी पुष्कळ सूर्योदय पाहिले. माणसाने वाशाला टांगलेला आणि कोंबड्यांनी विनातक्रार मान्य केलेला सूर्योदय मात्र तो एकच.

कोंबडीला हिवाळा कळतो तो कशाने, असा विचार तुम्ही कधी केला आहे का? थंडीने, असे आपण सहज म्हणून जातो. पण थंडीत ती पंख फुगवते आणि स्वस्थ बसते. तिला कळतो तो उजेड. दिवाळीनंतर दिवस दोन्ही टोकांनी झिजू लागतो, मार्गशीर्षात अकरा तासांवर येऊन ठेपतो, आणि तिच्या शरीरातला कोणी जुना पहारेकरी आतून कवाड लावून घेतो: पिलांना हे दिवस बरे नव्हेत, अंडी आता नकोत. त्याहून विस्मयाची गोष्ट अशी, की हा उजेड नुसता डोळ्यांतून जात नाही. कवटीच्या पातळ हाडातून झिरपत तो थेट मेंदूपर्यंत पोचतो. डोक्याच्या आत पडणारे ऊन! हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा हातातले लाल पेन तसेच राहिले होते.

वाचले ते कामावर. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात मी उपसंपादक होतो आणि शेतीचे पान लावीत असे. दोन हजार सालानंतरची, भारनियमनाची ती वर्षे. एका पशुवैद्यांचा लेख आला होता: हिवाळ्यात खुराड्यात दिवा लावा, कोंबड्यांचा दिवस लांबवा, अंडी थांबणार नाहीत. लेख जागेपेक्षा लांब होता. आमच्या धंद्यात मजकूर जास्त झाला की तो खालून कापतात, कारण महत्त्वाचे वर आणि बिनमहत्त्वाचे खाली, असा शिरस्ता. मी शेवटचा परिच्छेद कापला, पान छपाईला सोडले, आणि शनिवारी तो अंक घेऊन येडगावला धाकट्या मावशीकडे गेलो.

मावशीची वस्ती गावाबाहेर, मळ्यात. तिच्या सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, त्या वर्षी जुना गोठा तिला कोंबड्यांसाठी दिला होता. माझे असे म्हणावे, असे त्या घरात तिच्याजवळ तेवढेच होते. आणि दिवाळी सरताच अंडी थांबली होती.

"कोंबड्यांनी संप केलाय रे," मावशी म्हणाली.

"संप न्हाई," ओट्यावरून अण्णा म्हणाले, "पेन्शन घेतलीय त्यांनी. मी संक्रांतीपातूर बघतो. न्हाई अंडी दिसली, तर कोंबड्या बाजारात आन गोठ्यात कांद्याची बराखी. कांदा साठवाया जागा न्हाई आमाला."

मी घडी उलगडून लेख दाखवला. मावशीने तो उभ्यानेच वाचला, दोनदा वाचला, आणि दिवस मावळायच्या आत गोठ्यात बल्ब लागला. जवळची तार विहिरीवरच्या पंपाची होती. तिच्यावरूनच जोड घेतला. दिवा पेटला तेव्हा आम्ही दोघे लहान मुलांसारखे टाळ्या वाजवीत होतो.

त्या तारेचा स्वभाव मात्र आम्ही विसरलो होतो. पंपाची वीज एक आठवडा दिवसा येई, पुढचा आठवडा रात्री. माणसे तिच्या मागे फिरत. रात्रपाळीच्या आठवड्यात कानटोपी घालून, हातात विजेरी घेऊन उसाला पाणी देणारी माणसे बांधाबांधावर दिसत. दमून जात, वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडत, पण निभावून नेत. कोंबडीने काय करावे? एका आठवड्यात तिला दिव्याचा उपयोगच नव्हता, कारण बाहेर ऊन होते. पुढच्या आठवड्यात तिला रात्री दहाला उजाडे आणि भर पहाटे अवचित मावळे. दांडीवर चढायला संधिप्रकाश लागतो. तो न मिळाल्याने त्या जमिनीवरच सापडत आणि एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसत. असले आकाश कोणत्या प्राण्याने पाहिले असेल?

तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, तर गोठ्यात पिसांचा खच. मोठ्या कोंबड्यांच्या माना उघड्या पडलेल्या, शेपट्या झडलेल्या. अण्णा दारात उभे होते.

"काय पावणं," ते म्हणाले, "तुमच्या पेपरानं कोंबड्या सोलूनच दिल्या की! आता नुस्ता मसाला वाटायचा ऱ्हायला."

मावशी हसली नाही. घमेल्यात पिसे भरत राहिली.

सोमवारी कार्यालयात गेलो आणि जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून त्या लेखाचे हस्तलिखित काढले. शेवटचा परिच्छेद, माझ्या लाल रेघेखाली, शाबूत होता. दिवा पहाटे लावावा, सायंकाळी लावू नये, म्हणजे संध्याकाळ कोंबड्यांना निसर्गाचीच मिळते. वेळ रोज तीच ठेवावी. एकदा सुरू केल्यावर हिवाळा संपेपर्यंत एक दिवसही खंड पडू देऊ नये. वेळ बदलली तर कोंबड्या पिसे गाळतात. लेखाचा सगळा प्राण शेपटीत होता! वृत्तपत्राचा शिरस्ता बातमीला ठीक. शेतकरी मात्र महत्त्वाचे वाक्य निघता निघता, चप्पल पायात घालताना सांगतो, हे मला जुन्नर तालुक्यात वाढूनही सुचले नव्हते.

मी मावशीला फोन केला. चूक माझी आहे, असे सांगून परिच्छेद वाचून दाखवला.

"म्हंजे तुमी पेपरवाले शेपूट कापणार, आन आमी हितं डोकं फोडून घेणार व्हय?" मावशी म्हणाली. आणि लगेच, "परत वाच. सावकाश. लिवून घेते."

घरात एक बॅटरी होती, वीज गेल्यावर टीव्ही चालवायला आणलेली. मावशीने ती टीव्हीची काढून गोठ्यात नेली आणि तिला ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा बल्ब जोडला. वीज दिवसा येवो की रात्री, आली की बॅटरी भरे. दिवा मात्र मावशी गजर लावून उठे आणि पहाटे चारलाच लावी. मालिका बुडाली म्हणून घरात कुरकुर झाली, तर ती म्हणाली, "सासू-सुनांची भांडणं टीव्हीत कशाला बघायची? घरात हायेत की." अण्णाही हसले. मुदत मात्र त्यांनी हलवली नाही.

संक्रांतीपर्यंतच्या त्या पाच आठवड्यांइतका उत्कंठेचा काळ माझ्या नोकरीत निवडणुकीच्या निकालानेही दिला नाही. दर शनिवारी मी एसटीने येई, शिवारातली थंडी कापत वस्तीवर पोचे आणि आधी गोठ्यात जाई. उघड्या मानांवर निळसर कोंब दिसू लागले, कोंबांतून पिसे उलगडू लागली. झडलेल्या कोंबड्या एवढ्यात अंडी देणार नाहीत, हे मावशीला ठाऊक होते. तिची सगळी आशा सात तलंगांवर होती. तलंग म्हणजे पहिले अंडे अजून न दिलेली तरणी कोंबडी. तिचा तुरा आधी फिका असतो, आणि ती अंड्यावर आली की लाल होतो. आम्ही ते तुरे बल्बाखाली किती निरखले! आज गुलाबी वाटतो. नाही, बल्बाचाच रंग असेल. थांब, उन्हात पाहू. उजेड किती, याला मोल आहेच. पण तो केव्हा, हे त्याहून मोठे. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या मंद दिव्यावर जीव जसा भरवसा टाकतो, तसा अवचित येणाऱ्या प्रखर झोतावर टाकील काय?

भोगीच्या सकाळी भुशात एक अंडे सापडले. लहानसे, लिंबाहून थोडे मोठे, अजून ऊबदार! मावशीने ते माझ्या गालाला लावले. संक्रांतीला तीन मिळाली. तीन म्हणजे काही गोठाभर अंडी नव्हेत. अण्णांनी तिळगूळ घेतला, वाटीतल्या तीन अंड्यांकडे पाहिले आणि मळ्यात निघून गेले.

सणाच्या रांधण्यात मावशी दोन दिवस चुलीपुढे होती. किंक्रांतीच्या पहाटे मला जाग आली ती धसकूनच. सव्वाचार झाले होते आणि घड्याळाचा गजर वाजला नव्हता. अनवाणी धावत गोठ्याशी गेलो. आत दिवा होता. दिव्याखाली, घोंगडे पांघरून, पालथ्या घमेल्यावर अण्णा बसले होते.

"तिला निजू द्या," ते म्हणाले. "दमलीय. पर खंड नगं पडाया."

"तुम्ही कसे उठलात?"

"मी रोजच जागा आस्तो चारला. ती उठती का, ते कानावर घेत पडायचं. येक दिस चुकली न्हाई बया."

बराखीचे विचारावे की नाही, मला कळेना. तेच एका तलंगेचा तुरा अंगठ्याने चाचपत म्हणाले, "बराखी घालू वरल्या अंगाला. कांद्याला कुटं बी झोप लागती. ह्यांचं टायमिंग बसलंय आता."

पाठीमागे पावले वाजली. केस मोकळे, पदर सावरत मावशी दारात येऊन थबकली. दिव्याकडे पाहिले, मग अण्णांकडे. "मामंजी..." एवढेच म्हणाली.

"दार लोट," अण्णा मान न वळवता म्हणाले. "वारं लागतंय त्यांना."

त्यानंतर कितीतरी हिवाळे त्या गोठ्यात पहाट चार वाजताच होत राहिली. कोणी उठायचे, यावरून मात्र रोज वाद होई. कारण उठणारे आता दोघे होते.