पेन्शनरांच्या लायनीत मी

परवा जालन्याला बँकेत एक गंमत झाली... म्हणजे गंमत म्हणायची, बाकी दिवस सगळा थकवणाराच होता.

मी मंठ्यात बी-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. कॉलेज सेकंड इयरला सोडलं... सरांशी वाजलं, आणि माझं डोकं लगेच तापतं. कॉलेज सुटलं, पण जालन्याच्या एसटीत रोज सोबत असायची ती काही मनातून सुटली नाही. तिचं नाव इथं लिहीत नाही.

दिवाळीआधी मामांना मागणी घालायला तिच्या घरी पाठवलं होतं. तिचे वडील रिटायर्ड शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांनी मामांना चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "पोराला पेन्शन आहे का?" मामा मान खाली घालून परत आले.

मला असा राग आला... म्हटलं पेन्शनच पाहिजे ना, मग स्वतःची स्वतः काढून दाखवतो. पीपीएफ नावाचं खातं असतं, पंधरा वर्षं भरत राहायचं, मग व्याजासकट हातात येतं, हे दुकानात येणाऱ्या एका एजंटने सांगितलं होतं. प्रश्न एवढाच, काढायचं कुठं?

मित्र म्हणाला, कशाला पीपीएफ, आमच्या पतसंस्थेत ठेव, व्याज जास्त. आई म्हणाली, गावातलं पोस्ट काय वाईट आहे? मी म्हटलं छे, जालन्याची मोठी बँकच. पासबुक गुरुजींपुढे टाकलं की वजन पडलं पाहिजे.

तर परवा सुट्टी टाकून गेलो. बँक वरच्या मजल्यावर. वॉचमनला विचारलं, पेन्शनचं खातं कुठं काढतात? त्याने धड न ऐकताच एका लायनीकडे हात केला. पुढे सगळ्या काठ्या, मफलर, खोकले... बऱ्याच वेळाने कळलं, नोव्हेंबर आहे, ही पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची लाइन आहे. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा साहेबांना येऊन दाखवायचं. त्या दिवशी मला तर तेही सिद्ध करता आलं नसतं.

पुढचे आजोबा वळून म्हणाले, "काय साहेब, कोणत्या खात्यातून रिटायर झाले?"

त्यांच्या शेजारचे म्हणाले, "प्रेमाच्या खात्यातून दिसून राह्यले. चेहरा बघा की."

सगळी लाइन हसली. माझं डोकं तापायला लागलं होतं, तेवढ्यात जिन्यात गुरुजी दिसले. एक हात कठड्याला, दुसरा गुडघ्यावर... एक पायरी चढायची की थांबायचं. मी तोंड फिरवणार होतो, खरंच. पण ते मधेच पायरीवर बसले, आणि मी कधी खाली गेलो ते मलाच कळलं नाही. हाताला धरून वर आणलं, माझ्या जागेवर उभं केलं. लायनीत कुणी हरकत घेतली नाही.

त्यांनी मला ओळखलं होतं. दम लागलेला, तो जरा बसू दिला. मग विचारलं, इथं कशाला आलास? मी सांगितलं... थोडं तोऱ्यातच. वाटलं, आता व्याजाचं विचारतील.

"म्हातारपणी कुठं राहणार तू?"

पेन्शन पेन्शन करत आलो होतो, पण माझा विचार तिच्या घराच्या दारापर्यंतच पोचला होता. पुढचं म्हातारपण त्यात नव्हतंच. शेवटी म्हणालो, मंठ्यातच.

"मंग तिथंच काढ. मी नोकरीत असताना इथं काढलं, तव्हा पायात जोर होता. आता एसटीचे धक्के, वरून हा जिना. खातं गावाकडं बदलून द्या म्हणलं की उद्या या म्हणतात. चालत जाता येईल अशा जागी खातं काढावं, बापू."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचं लातूरला जमलंय. दुसऱ्याकडून कळण्यापरीस..." मुलगा काय करतो, हे मी विचारलं नाही.

त्यांचा नंबर लागेपर्यंत थांबलो. जिना उतरवला, एकाच एसटीने परत आलो. रस्ताभर ते एका खिडकीबाहेर बघत होते, मी दुसऱ्या.

काल सकाळी पोस्टात गेलो आणि खातं काढलं. आता कुणाला दाखवायचं राहिलं नव्हतं... पण लग्न होवो न होवो, म्हातारा तर मी होणारच आहे.

पोस्टातल्या काकांनी विचारलं, वारस कोण लावायचा? मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सध्या आई लावू. लग्न झाल्यावर बदलता येतं."

गुरुजींवरचा राग अजून गेलेला नाही... पण जागा त्यांनी बराबर सांगितली. आणि बदलता येतं, हे त्या काकांनी किती सहज सांगितलं.