ताप गेल्यावर येणारी ताई

"दाब गो. जोरात. माजी बोटं काय मोडत नाय."

मूल दिसलं की ती दोन बोटं पुढे करायची. मुलानं ती मुठीत धरून दाबायची. मग, "उकिडवी बस. आता हात न टेकता ऊठ." मूल टुणकन उठलं की ताई खूश.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या पाड्यांची ती आशाताई, मी तिथलाच मास्तर. आशाताया तुम्हीही पाहिल्या असतील, ताप आला की गोळ्या घेऊन येतात. आमची मात्र ताप गेल्यावरही दोन-तीन आठवडे फेऱ्या मारायची. लोक वैतागायचे. "पोर बरी झाली, आता कशाला?" ही ओटीवर बसून घ्यायची. "बरी झाली म्हनूनच आले."

मीही टिंगल करायचो. "ताई, परवा मला सर्दी झालेली, बघा जरा." तिनं खरंच बोटं पुढे केली. मी दाबली. "गुरुजी, खडू धरून जोर गेला तुमचा!" सगळा वर्ग हसला.

मग त्या पावसाळ्यात पाचवीतली एक मुलगी तापातून उठून शाळेत आली. अक्षर वेडंवाकडं, पेन्सिल हातातून निसटत होती. मला वाटलं, नखरे. मी तिला उभं केलं. ती भिंतीला टेकली तेव्हा आणखी ओरडलो. हे आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत ताई आली. तिनं बोटं पुढे केली, मुलीनं ती धरली, पण मूठ आवळेना. "उकिडवी बस." मुलगी बसली. तिला उठताच येईना.

"गुरुजी, गाडी बघा."

मुलीची आई धावत आली. तापानं अंग गळलंय, दोन दिवस भाकर पोटात गेली की होईल, म्हणाली. मीही तेच म्हणणार होतो. तेव्हा ताई पहिल्यांदाच ओरडली, "माज्या भाचीला पन आमी असंच म्हनलो. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना."

जीपमध्ये मुलीचे पाय मांडीवर घेऊन तिनं पुढचं सांगितलं. भाची गेली. ताप उतरला म्हणून तिच्या नावापुढे 'बरी' असं हिनंच वहीत लिहिलं होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. विषाणूशी लढायला उठलेली शरीराची ताकद क्वचित आपल्याच नसांवर उलटते, आणि तेही ताप गेल्यावर. मुलगी बरेच दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. दिवाळीनंतर घरी आली. आता चालते, पळता येत नाही.

ताई मागच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली. नवी आशाताई कष्टाळू आहे, सगळं मोबाइलवर भरते. ताप गेल्यावर येणार का, असं मी विचारलं. "ताप गेला की नोंद बंद होते, गुरुजी. पुढं भरायला जागाच नाय," ती म्हणाली.

म्हणून आता मीच बोटं पुढे करतो. मुलं हसतात. पण किती कमी म्हणजे कमी, हे ताईच्या बोटांना कळायचं, माझ्या बोटांना कळत नाही. परवा दुसरीतली एक मुलगी तापातून उठून आली. तिनं दाबलं. जोर जरा कमी वाटला. मी पुन्हा दाबायला लावलं. मग आणखी एकदा.

"गुरुजी, दमले," ती म्हणाली.

मी जीपवाल्याला फोन लावला.