पन्नास काडतुसं आणि एक खाच

चाळीस वर्षं होत आली, तरी ते प्रकरण मनातून जात नाही. फरक एवढाच की इतर काही प्रकरणं आठवली की झोप उडते, हे आठवलं की हसू येतं.

ऐंशीच्या दशकात मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात पोलीस होतो. इंजिनिअरिंग शिकायला म्हणून गेलेला मुलगा तिकडे पोलीस कसा झाला, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. आमचं ठाणं म्हणजे तीन खोल्या आणि सतत उकळणारी कॉफी.

एका शनिवारी सकाळी फोन आला. आवाज पुरुषाचा, नाव सांगायला तयार नाही. "नेमबाजीच्या क्लबात आज एक माणूस थोडक्यात वाचला. तुमच्या त्या इंडियन डॉक्टरला विचारा. मुद्दाम केलंय त्यानं." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

सार्जंट आणि मी क्लबात पोचलो. गावातला हार्डवेअरचा दुकानदार बाकावर बसून लिंबूपाणी पीत होता. त्यानं पिस्तुलातून पहिला बार काढला, तर धडाक्याऐवजी नुसता फुस्स आवाज आला. तो पुन्हा चाप ओढणार, इतक्यात शेजारचा म्हातारा सभासद ओरडला, "थांब!" पाहिलं तर गोळी नळीतच अडकलेली. तिच्यामागून दुसरी सुटली असती तर पिस्तूल त्याच्या हातातच फुटलं असतं.

काडतुसांची ती पेटी डॉक्टरांनी दिली होती. अमेरिकेत हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी नेतात आणि त्यांत नवी दारू, नवी गोळी बसवून पुन्हा वापरतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण पिस्तुलाच्या पुंगळीत दारू लागते ती चिमटीपेक्षाही कमी. पुंगळीत डोकावून ती कमी पडली की जास्त, हे सहज कळत नाही. सगळी भिस्त वजनावर.

"डॉक्टरांशी काही भांडण?" मी विचारलं.

दुकानदार ओशाळला. "दोन आठवड्यांपूर्वी मी सगळ्यांसमोर त्याची थट्टा केली. म्हटलं, हा पन्नास भरेपर्यंत आम्ही पाचशे भरतो. तो रागावून निघून गेला. काल स्वतः दुकानात आला, ही पेटी दिली. मला वाटलं, राग गेला."

भांडण, मग भेट, मग अपघात. कागदावर हे फार वाईट दिसत होतं. त्यातून डॉक्टर भूलतज्ज्ञ. थेंबाथेंबाच्या हिशेबावर ज्याच्या हाती माणसाचा श्वास असतो, त्यानं माप चुकवलं असं गावात पसरलं असतं तरी त्याची नोकरी धोक्यात होती. मुद्दाम चुकवलं असं ठरलं असतं, तर तुरुंग.

शिवाय तो माणूस मराठी, गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भेटणारा. मी आमच्या ठाण्याच्या चीफला म्हटलं, हे दुसऱ्याला द्या. तो म्हणाला, "दुसरा कोण आहे? सार्जंटला बरोबर ने, आणि त्याच्यासमोर इंग्रजीत बोल."

उरलेली एकोणपन्नास काडतुसं आम्ही पावती देऊन ताब्यात घेतली. सोमवारी त्यातली दहा जाणकाराकडून उघडून घेतली आणि दारू गावातल्या फार्मसिस्टच्या काट्यावर तोलली. दहाही कमी भरली. पण दहाही अगदी एकसारखी कमी.

सार्जंट म्हणाला, "सापडला."

मला उलटं वाटलं. ज्याला घात करायचाय तो एखाददुसरं काडतूस बिघडवेल आणि चांगल्यांत मिसळेल. सगळीच इतक्या इमानेइतबारे बिघडवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

दुपारी आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो. पॉटलकला मला 'अरे' म्हणणारे डॉक्टर युनिफॉर्म पाहून 'तुम्ही'वर आले. तळघरात त्यांचं टेबल होतं. पुंगळ्या ओळीनं मांडलेल्या, दांडीवरच्या खाचांत सरकतं वजन असलेला छोटा काटा, बारीक चमचा. आमच्या ठाण्यापेक्षा तिथे शिस्त जास्त होती.

"प्रत्येक काडतूस तुम्ही तोललं होतं?" मी इंग्रजीत विचारलं.

"एकेक. बारा वर्षं हेच करतोय. मी बायकोशी चुकेन, काट्याशी नाही."

"मग एक तोलून दाखवा."

त्यांनी चमच्यानं दारू घातली, दोन कण कमी केले, दांडी स्थिर झाली. हात जराही हलला नाही.

"वजन किती झालं?"

त्यांनी लगेच आकडा सांगितला. सांगताना त्यांची नजर माझ्याकडे होती, काट्याकडे नव्हती. माणूस आठवून बोलतो तेव्हा असाच समोर बघतो.

"डॉक्टर, काट्यावर वाचून सांगा."

ते चिडले. "काटा त्याच आकड्यावर लावलेला असतो! मी तो कधी हलवतच नाही." तरी चष्मा लावून वाकले. बराच वेळ सरळ झाले नाहीत. मग मराठीत पुटपुटले, "एक खाच अलीकडे आहे."

सार्जंटनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं.

"इथे आणखी कोण येतं?"

"कुणीही नाही."

त्याच वेळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होत्या. आमचे चेहरे बघून त्या थबकल्या. "काय झालं, भाऊजी?"

"वहिनी, हा काटा कुणी हलवला होता का?"

"मीच की! आईनं पार्सलमधून केशर पाठवलं होतं ना. पाच जणींत सारखं वाटायचं होतं. किचनच्या काट्यावर केशराचं वजन दिसतं का कधी? मी सोनाराची मुलगी. हा काटा बघितला आणि म्हटलं, हेच ते." त्यांनी ट्रे ठेवला. "वापरून होता तसा परत ठेवला."

"अगं, पण वजन सरकवलंस ना?" डॉक्टर ओरडले.

"सरकवल्याशिवाय तोलणार कसं? परत आणलं होतं मी. अंदाजानं."

भाषांतर ऐकून सार्जंट आधी खोकला, मग भिंतीला टेकून हसत सुटला. वहिनींना काही कळेना. मी सगळं समजावून सांगितल्यावर मात्र त्या पायरीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे त्या माणसाचा हात गेला असता हो."

डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसले. "तुझ्यामुळे नाही. सुरू करण्याआधी आकडा वाचायचं काम माझं होतं."

वहिनींनी ज्यांना केशर दिलं त्या पाचही घरी मी फोन केले. वाटपाचा दिवस काडतुसं भरण्याच्या अगदी आधीचा निघाला. दुकानदारानं तक्रार नसल्याचं लिहून दिलं आणि चीफनं प्रकरण बंद केलं. निनावी फोन कुणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टरांना एवढ्यावर थांबता आलं असतं. पण पुढच्या शनिवारी ते क्लबात सगळ्यांसमोर उभे राहिले. "मी आकडा न वाचता काडतुसं भरली. माझ्या मित्राच्या जिवावर बेतलं असतं. चूक माझी आहे, आणि माझ्या घरातल्या कुणाचीही नाही." दुकानदार उठून म्हणाला, "आता मीही पन्नासच भरीन." लोक हसले, आणि त्या दोघांची मैत्री पुढे डॉक्टर रिटायर होऊन दूर कॅरी नावाच्या गावी मुलीकडे गेले तरी टिकली.

त्या प्रकरणाचा अहवाल मी मोठ्या ऐटीत लिहिला. सार्जंटनं तो वाचून परत माझ्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांच्या घराचा नंबर मी चुकीचा घातला होता, आणि त्या घरी मी चार वेळा जेवलो होतो.

नोकरीत मला लबाड माणसं भेटली, नाही असं नाही. पण त्यांच्यापेक्षा जास्त भेटली ती स्वतःच्या सवयीवर विसंबलेली चांगली माणसं. त्यांना गुन्हेगार समजण्याची घाई मी त्या केसनंतर सोडली. आणि साक्षीदार फार खात्रीनं बोलू लागला की मी त्याला आधी पाणी देत असे, मग म्हणत असे, "चला, एकदा जागेवर जाऊन बघू या."