वानखडेकाकांचा ऑलराइट

संध्याकाळी संग्रहालय बंद करायची वेळ झाली की वानखडेकाका वरच्या मजल्यावरच्या दालनाच्या दारात उभे राहायचे, खाकी शर्टाच्या आतून गुंडाळलेली हिरवी झेंडी काढायचे आणि समोरच्या भिंतीशी असलेल्या शेवटच्या शोकेसला ती हलवून दाखवायचे. दालनात तेव्हा चिटपाखरूही नसायचं. झेंडी हलवून झाली की पलीकडून कुणाचं उत्तर यायचं असावं तसा हात वर धरून थांबायचे. मग मान डोलवायचे, झेंडी आत कोंबायचे आणि दिवे मालवायचे. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, जयपूरचं ऊन म्हाताऱ्याच्या डोक्यात गेलेलं दिसतंय.

मी मूळची साताऱ्याकडची. नवरा फौजेत, त्यामुळे दर तीन वर्षांनी भांडीकुंडी खोक्यात आणि खोकी ट्रकमध्ये. जयपूरला बदली झाली तेव्हा एका जुन्या पुरातत्त्व संग्रहालयात मला कंत्राटी काम मिळालं. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या वस्तू काही महिन्यांसाठी तिथे पाहुण्या म्हणून येणार होत्या आणि त्यांच्या पाट्या हिंदीत लिहायच्या होत्या. एकदा फोनवर मी नवऱ्याला गॅस सिलिंडरवरून मनसोक्त झापत होते. फोन ठेवला तर मागे हा उंच, वाकलेला पहारेकरी हात जोडून उभा. "बाई, तुमी मराठी? अवो, किती दिसानं कोनाले मराठीत रागावलेलं आयकलं!" म्हणाला आणि खरंच त्याचे डोळे भरून आले. ते वानखडेकाका. बडनेऱ्याचे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. नोकरीच्या शेवटी जयपूरला आले ते इथेच राहिले. झोटवाड्यात एक खोली, अंगावर एजन्सीचा खाकी शर्ट, आणि डब्यात रोज जवसाची चटणी.

झेंडीचं विचारलं तेव्हा त्यांनी मला रेल्वेचा धडाच दिला. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा शेवटच्या डब्यातला गार्ड झेंडी दाखवतो आणि स्टेशनावरचा माणूसही बाहेर येऊन झेंडी दाखवतो. दोघांनी एकमेकांना सांगायचं की सगळं ठीक आहे. त्याला त्यांच्या भाषेत 'ऑलराइट देणे' म्हणतात. "अन् गाडी न थांबनारी असली तरी देनं पडते, बाई. गाडी काय तुमच्यासाठी थांबत नाही, पन तिले जातानी कोनी तरी पाह्यलं पायजे." दुसरं एक वाक्य तर ते कुठेही लावायचे. पगार जमा झाला, पाहुणे पोचले, पाऊस झाला, काहीही असो. "शेवटचा डबा आला म्हंजे गाडी आली. तवरोक आली म्हनाचं नाही."

"पण काका, इथं कुठली गाडी?" मी विचारलं.

"थे तुमाले दिसन," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावून उठले.

त्या शेवटच्या शोकेसमध्ये माया लोकांचं एक ताट होतं. मातीचं, तांबूस, कडेला काळ्या पक्ष्यांची रांग. एका बाईच्या थडग्यात, तिच्या चेहऱ्यावर पालथं घातलेलं सापडलं होतं. त्याच्या बरोब्बर मध्यभागी बोट जाईल एवढं गोल भोक होतं. ते मुद्दाम पाडलेलं. मेलेल्या माणसाबरोबर ताट पुरायचं तर आधी त्यालाही भोक पाडून मारायचं, म्हणजे त्याचा जीव मोकळा होतो आणि माणसाबरोबर पुढे जातो, असं अभ्यासक सांगतात. मी तेच पाटीवर लिहिलं होतं. काकांनी पाटी वाचली आणि ते कितीतरी वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. "आपल्याकडं मडक्याले पाडतेत," एवढंच म्हणाले.

मडक्याचं मला कळलं. सरणाभोवती खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरतात, मागून एक जण दगडाने त्याला भोक पाडतो, पाणी गळत राहतं. शेवटी मडकं मागच्या मागे टाकून फोडतात आणि मागे वळून न पाहता निघून येतात. काकांना काय आठवलं असेल ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी जेवताना त्यांनीच सांगितलं.

त्यांची बायको कमलकाकू त्या मोठ्या साथीत गेल्या. काका तेव्हा मालगाडीवर होते. निरोप आला तेव्हा गाडी आडरानात सिग्नलला उभी होती. "गाडी मधात सोडून गार्ड उतरत नसते, बाई. मी डब्यात उभा, अन् ती तिकडं." ते घरी पोचेपर्यंत पालिकेच्या गाडीने काकूंना नेलं होतं. आग कुणी दिली ठाऊक नाही. मडकं नाही, पाणी नाही, कुणी फेरा घातला नाही. नंतर लाल फडक्यात बांधलेली राख मिळाली, वर खडूने नाव. ती त्यांनी पुष्करला सोडली. "कोनाची होती देव जाने. समदी जिनगी म्या मांगंच पाहत काढली, अन् तिच्या खेपेले मांगं पाह्याले मीच नव्हतो. ती अजून निंगालीच नाही, बाई. मले समजते थे." चटणीचा घास त्यांच्या हातात तसाच राहिला.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, कारण त्यानंतर त्या शोकेसकडे मला साध्या नजरेने पाहता येईना.

तशात ती वाफ दिसायला लागली. ताटाच्या वरच्या बाजूला, काचेवर, तळहाताएवढा धूसर डाग. मी रुमालाने पुसला, गेला नाही. वाफ आतून होती. अशा वस्तूंना दमटपणा चालत नाही, म्हणून मी आकांडतांडव करून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातून एसीवाल्याला बोलावलं. त्याने जाळ्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. "मैडम, बाहर लू चल रही है, अंदर ठंडा है, काँच तो पसीजेगा ही," असं म्हणून तो गेला. पटण्यासारखंच होतं. फक्त बाकीच्या शोकेसच्या काचा लख्ख कोरड्या होत्या.

एका दुपारी शाळेची सहल येऊन गेली आणि दालन रिकामं झालं. मी ताटासमोर उभी राहिले. डाग होता. पाहता पाहता तो विरला. मग पुन्हा उमटला. पुन्हा विरला. संथ, गाढ झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा श्वास त्याच्या तालावर चाललाय, आणि मी थांबवू म्हटलं तरी तो थांबत नाहीये. मी जिन्यावरून खाली आले ती थेट फाटकापर्यंत. तिथे भर उन्हात उभी राहून मी नवऱ्याला फोन लावला आणि संध्याकाळी भाजी काय आणायची ते विचारलं. दुसरं काय बोलणार?

त्या दिवशी बंद होताना मी काकांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी झेंडी हलवली. काच स्वच्छ होती. हात वर धरून ते थांबले, आणि ताटाच्या वर हळूहळू डाग उमटला, क्षणभर राहिला, गेला. काकांनी मान डोलवली. "भेटला ऑलराइट," ते म्हणाले. मी भ्याले होते. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर भीती नव्हती, नुसतं एक ताटकळणं होतं, फलाटावरच्या माणसाचं.

मुदत संपली. माया लोकांच्या देशातून एक बाई सामान न्यायला आली. प्रत्येक वस्तू हातमोजे घालून उचलली, कापसात निजवली, पेट्यांना सील लागलं. काका दिवसभर बाजूला उभे होते. ताटाची पेटी ट्रकमध्ये चढली तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. ज्याचं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. ट्रक फाटकातून बाहेर पडला. काकांनी शिरस्त्याप्रमाणे झेंडी दाखवली, पण ट्रकच्या पाठीकडे पाहून मान हलवली ती नकाराची.

दुसऱ्या दिवशी सोमवार, संग्रहालयाची सुट्टी. रिकाम्या शोकेसची मोजदाद करायला म्हणून मी सकाळी वर गेले. शेवटच्या शोकेसमध्ये आता काहीच नव्हतं, नुसतं करडं कापड. आणि काचेवर, आतून, तळहाताएवढी वाफ होती.

वळले तर दारात काका. त्यांनी पाहिलं आणि ते चक्क हसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "पाह्यलं? थे त्या ताटाचं नव्हतंच. मी म्हनत नव्हतो? बाई, एक काम हाये. माह्यासाठी कराल?"

ते खाली गेले आणि पिशवीतून मडकं घेऊन आले. कोरं, झोटवाड्याच्या बाजारातलं. काय करायचंय ते त्यांनी सांगितलं आणि मी चक्क भांडले. संगमरवरी फरशी आहे, पाणी सांडेल, साहेबांना कळलं तर तुमची आणि माझी दोघांची नोकरी जाईल, आणि बायका असल्या कामाला जातात तरी का? काका सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मांगून भोक पाडाले कोनी तरी लागते. माही पोरगी बडनेऱ्याले. इथं मले कोन हाये?" मी बागेतून एक दगड आणला.

काकांनी चपला काढल्या, भरलेलं मडकं खांद्यावर घेतलं आणि रिकाम्या शोकेसभोवती चालायला लागले. मी मागे. पहिल्या फेऱ्याला दगड मारला तो घसरला; दुसऱ्यांदा मारला तेव्हा टच्‌ आवाज होऊन बारीक धार लागली. पाणी त्यांच्या पाठीवरून फरशीवर गळत होतं. प्रत्येक फेऱ्याला एक भोक. ते फक्त एकदा "कमल" म्हणाले, जेवायला बोलवावं तसं. फेरे संपल्यावर ते शोकेसकडे पाठ करून उभे राहिले.

"बाई, आता मले मांगं पाहता येत नाही," ते म्हणाले. "जिनगीभर पाह्यलं, अन् आताच नाही. तुमी पाहा. शेवटचा डबा निंगाला का थे पाहा, अन् मले सांगा." शर्टातली झेंडी त्यांनी न वळता मागे केली. मी घेतली. मग त्यांनी मडकं खांद्यावरून मागे सोडलं. दालनभर आवाज घुमला. ते सरळ दाराकडे चालू लागले.

मी झेंडी उचलली आणि हलवली. हसाल तर हसा. काचेवर वाफ होती. ती विरली. मी थांबले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उमटली, पण आता खाली नव्हती. माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होती. मी पुढे झाले आणि बोट लावलं. काचेवर रेघ उठली. बोट ओलं झालं होतं.

इतके महिने ती आत होती. आता ती बाहेर होती.

काका जिन्यावर पाठमोरेच उभे होते. "निघाला, काका," मी म्हटलं. "शेवटचा डबा निघाला. पूर्ण." त्यांनी कठडा धरला आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी फरशी पुसली आणि खापऱ्या गोळा करून बागेतल्या कडुनिंबाखाली ठेवल्या. त्यानंतर कितीतरी महिने ती काच धूसर झाली नाही. पुढे तिच्यात इथल्याच उत्खननातली मातीची खेळणी मांडली आणि त्यांच्या पाट्यांचं कामही माझ्याकडेच आलं.

महिन्याभरात काकांनी नोकरी सोडली. मुलगी त्यांना बडनेऱ्याला न्यायला आली. मी स्टेशनावर गेले होते. झेंडी परत द्यायला लागले तर घेईनात. "राहू द्या. कामी पडन." गाडी हलली तसे ते खिडकीतून म्हणाले, "येतो, बाई." आपल्याकडे घरून निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही, म्हणून मी तेव्हा त्याचं काही मनावर घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. सगळं रीतसर झालं, असं ती रडत रडत सांगत होती. माणसं आली, जावयाने आग दिली, मडकं फोडलं. मी म्हटलं, बरं झालं. दिवसभर पाट्या लिहीत बसले आणि एकही धड लिहिली नाही.

संध्याकाळी नवा पहारेकरी दिवे मालवायला आला तेव्हा मी त्याला थांबवलं. पर्समधून झेंडी काढली, दारात उभी राहिले आणि शेवटच्या शोकेसला दाखवली. न थांबणारी गाडी असली तरी ऑलराइट द्यावा लागतो. हात वर धरून थांबले. मातीच्या बैलांच्या वर, काचेच्या बाहेरच्या अंगाला, एक धूसर डाग आला आणि गेला.

"क्या हुआ, मैडम?" पहारेकऱ्याने विचारलं.

"कुछ नहीं, भैया. सब ठीक," मी म्हटलं आणि झेंडी गुंडाळली. त्याने दिवे मालवले. जिना उतरताना मी मात्र मागे वळून पाहिलं. आता ते काम माझ्याकडे होतं.